नव्या फोनचं खातं

माणूस ज्या धंद्यात मुरतो, त्या धंद्याच्या नजरेनं तो जगाकडे बघायला लागतो. शिंप्याला समोरच्याचा चेहरा दिसण्याआधी त्याची कॉलर दिसते. दातांच्या डॉक्टरकडे पाहून आपण प्रेमानं हसलो, तरी तो आपल्या हिरड्याच बघतो. आम्ही बँकेतले कारकून कुठलीही गोष्ट समोर आली की मनातल्या मनात तिच्यावर एक उभी रेघ मारतो. रेघेच्या एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. मग ती गोष्ट मेथीची जुडी असो, मेहुण्याचं लग्न असो की सरकार असो. माझ्या संसाराचंसुद्धा असं एक खातं मी ठेवलेलं आहे. पण ते तपासण्याचे सर्वाधिकार सौ.कडे असल्यामुळे त्याची नावे बाजू गेली अठरा वर्षं कोरी करकरीत आहे.

तेव्हा गेल्या दिवाळीत जळगावच्या गोलाणी मार्केटातून मी नवा स्मार्टफोन घेतला, त्याचंही खातं उघडणं ओघानंच आलं. फोनचं नाव सांगत नाही. एक तर फुकटची जाहिरात होईल. दुसरं म्हणजे ते नाव दुकानदार एक तऱ्हेनं उच्चारतो, माझा मुलगा दुसऱ्या तऱ्हेनं आणि मी तिसऱ्या. तिघांचाही पैसा एकाच कंपनीला जातो म्हणून बरं. फोननं माझ्या खिशात एक हिवाळा आणि एक आख्खा खानदेशी उन्हाळा काढलेला आहे. म्हणजे त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार आता मला आला असं समजायला हरकत नाही. इतक्या मुदतीत तर आमच्याकडे जावयाबद्दलही मत बनवतात.

खातं वाचण्याआधी मागची शिल्लक सांगायला हवी. भारतात मोबाइलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झालं. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतल्या दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या सुरुवातीच्या काळात फोन करणाऱ्याला तर पैसे पडतच, पण ज्याला फोन यायचा त्यालाही पडत. म्हणजे कुणी आपली विचारपूस केली, तर त्याचं बिल आपल्याला! आमच्यासारख्यांना हे परवडणारं नव्हतं. मी मूळजी जेठा कॉलेजात बी.कॉम. करत होतो तेव्हा रात्री अकरानंतर एसटीडीचे दर उतरायचे आणि जळगावातली निम्मी तरुण पिढी पिवळ्या पाटीच्या बूथसमोर रांगेत उभी असायची. धुळ्याला आमच्या घरी फोन नव्हता. शेजाऱ्यांचा पी. पी. नंबर होता. त्या शेजाऱ्यांना रात्री सव्वाअकराला उठवायचं, ते माझ्या आईला उठवणार, ती धावत येणार, तोवर समोरच्या मीटरवर लाल आकडे पळणार. मग घाईघाईनं "बरा आहेस ना?" "बरा आहे. तू?" "बरी आहे." "ठेवतो." पैसे पडायचे, म्हणून नेमकं बोललं जायचं. आता बोलणं जवळजवळ फुकट झाल्यापासून माणसं तासतास बोलतात आणि शेवटी बरा आहेस का, हे विचारायचं राहूनच जातं.

असो. आता जमा बाजू.

जमा बाजूची पहिली रक्कम म्हणजे उजेड. फोन बनवणाऱ्यांनी रात्ररात्र जागून त्यात काय काय भरलं असेल, पण आमच्या घरात सर्वांत जास्त वापर होतो तो टॉर्चचा. पलंगाखाली गेलेली चप्पल, जिन्यातला विंचू आणि माठामागे दडलेलं झुरळ यांच्या शोधात फोन सतत राबत असतो. सौ.नं तर पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, "अहो, अठरा हजारांची बॅटरी आणलीत, पण उजेड चांगला आहे हो." हे कौतुक समजायचं की ऑडिट रिपोर्ट, ते मी अजून ठरवलेलं नाही.

दुसरी रक्कम अक्षरांची. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे औषधाच्या बाटलीवरचा मजकूर. पूर्वी अशी बाटली हातात आली की मी ती हातभर लांब धरायचो. पुढेपुढे हातच अपुरा पडायला लागला. आता फोननं बाटलीचा फोटो काढायचा आणि दोन बोटांनी अक्षर ताणायचं. ज्यानं ही दोन बोटांची युक्ती काढली त्याचा फोटो चष्म्याच्या दुकानांतून उलटा टांगून ठेवला असेल, पण माझ्याकडे त्याला हार आहे.

तिसरी रक्कम फक्त खानदेशी माणसालाच कळेल. या फोनमध्ये 'ळ' चटकन सापडतो. पुण्या-मुंबईच्या लोकांना यात विशेष काय, असं वाटेल. पण आमचा भूगोल बघा. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव. आमचं पीक केळी. आमची भाकरी कळण्याची. 'ळ' काढून घेतला तर खानदेशात शिल्लक राहील ते एरंडोल. आणि शिवाय ऊन. आधीच्या फोनवर मी इंग्रजी अक्षरांत निरोप पाठवायचो, तेव्हा 'केळी आणली' असं कळवलं की सौ. 'काय केली?' असं विचारायची. नव्या फोननं हा संशय दूर केला.

चौथी रक्कम सुट्या पैशांची. यूपीआय २०१६ साली आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ८ तारखेला नोटाबंदीही आली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसानं काय काय ऐकून घेतलं, तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तो लेख छापण्यासारखा नाही. पण सुट्यांचा प्रश्न सुटला, हे मान्य केलं पाहिजे. पूर्वी चहावाला रुपयाच्या बदली गोळी द्यायचा. माझ्या वरच्या खिशात वर्षभर इतक्या गोळ्या साठायच्या, की शाखेत कुणाचं मूल रडलं तर कॅशियर माझ्याकडे बोट दाखवायचा. आता चहाच्या टपरीवरचा डबा खणखणीत मराठीत ओरडतो, "दहा रुपये प्राप्त झाले." मी किती चहा घेतो हे पूर्वी मला आणि टपरीवाल्यालाच माहीत होतं. आता आमच्या मॅनेजरसाहेबांनाही केबिनमध्ये बसून कळतं.

बँकेतल्या माणसानं यूपीआयचं कौतुक करावं, हे तसं विहिरीनं नळाचं कौतुक करण्यासारखं आहे. पैसे काढायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली, पण पासबुक छापायला येणारे आजोबा ओसरले नाहीत. त्यांच्या नातवानं दहा-दहा रुपयांच्या पन्नास नोंदी केलेल्या असतात. यंत्र कुरकुरत पानं भरत राहतं. आजोबा पासबुक डोळ्यांजवळ नेतात आणि विचारतात, "साहेब, यात माझी पेन्शन कुठं आहे?" चहा, चहा, पाणीपुरी, रिचार्ज, चहा, आणि मधेच कुठेतरी पेन्शन! एकाच खात्यात तीन पिढ्यांचं चरित्र छापून निघतं.

इथे जमा बाजू संपली. आता नावे.

नावे बाजूची पहिली रक्कम उन्हाची. फोनबरोबर एक घडीचा कागद आला होता. असे कागद वाचणारा कारकून हा हिंदुस्थानातला शेवटचा वाचक आहे. त्यात लिहिलं होतं, की हा फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. मी तो कागद घेऊन बराच वेळ बसलो. जळगाव-भुसावळच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ला टेकतो. ३५ अंश आम्हाला लागतात ते माणसानं गार वाटलं म्हणायला. म्हणजे खानदेशात या फोनचा हंगाम साधारण दिवाळी ते शिमगा. शिमग्यानंतर त्यानं थंड हवेच्या ठिकाणी जावं. पण आमचा फोन बिचारा ड्यूटीवर राहिला. मे महिन्यात भर दुपारी त्यानं पडद्यावर लिहून दाखवलं, की मी फार तापलो आहे, जरा निवतो, मग बोलू. आणि डोळे मिटले. त्याच उन्हात डोक्यावर पांढरा रुमाल गुंडाळून माणसं केळीचे घड ट्रकमध्ये चढवत होती. त्यांच्यापैकी कुणाच्याही कपाळावर मला असली सूचना दिसली नाही. बॅटरी लिथियमची असते, तिला उष्णता सोसत नाही, तिचं आयुष्य उतरतं, हे शास्त्र मुलानं मला समजावून सांगितलं. शास्त्र खरं असणार. पण मग ज्या देशात फोन विकायचा, त्या देशात एकदा मे महिन्यात येऊन जायला काय हरकत आहे? आम्ही आमरस केला असता.

दुसरी रक्कम अंगठ्याची. फोन उघडायला अंगठा लावायचा असतो. वीस वर्षं नोटा मोजून माझ्या अंगठ्याच्या रेघा पुसट झाल्या आहेत. फोन म्हणतो, ओळख पटत नाही, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा लावला की पुन्हा तेच. शेवटी तो आकडी पासवर्ड मागतो, म्हणजे दोन साक्षीदार घेऊन या म्हणण्याचाच हा प्रकार. घरात यावर हशा होतो, पण काउंटरवर मला हसू येत नाही. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बायका पैसे काढायला येतात, यंत्रावर अंगठा टेकवतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. कापसाच्या बोंडांनी आणि विळ्यांनी त्या रेघा केव्हाच नेलेल्या असतात. बाई अंगठा पदराला पुसते, पुन्हा टेकवते, मग माझ्याकडे अशा नजरेनं बघते की जणू मी तरी तिला ओळखावं. मी ओळखतो. सगळी शाखा ओळखते. तिच्या मुलीचं लग्न कधी झालं तेही आम्हाला ठाऊक असतं. पण आमच्या ओळखीला यंत्रात किंमत नाही.

तिसरी रक्कम चौकशीची. पंचांगाचं एक अ‍ॅप घेतलं. त्यानं आधी विचारलं, तुमच्या ओळखीच्या माणसांची यादी बघू का? एकादशी कधी आहे हे सांगायला माझ्या मेहुण्यांची नावं कशाला हवीत? आमच्या गल्लीतल्या जोशीबुवांनी जन्मात असा प्रश्न केला नाही. आणि हा काही माझा एकट्याचा संशय नव्हे. २०१३ साली अमेरिकेत एका टॉर्चच्या अ‍ॅपवर तिथल्या सरकारी आयोगानं कारवाई केली. दिवा लावायचं निमित्त करून ते अ‍ॅप माणसं कुठं आहेत, याची माहिती जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. म्हणजे कंदील घेऊन पुढे चालणाराच मागच्याला हळूच सांगतोय, की हे बघा, साहेब आता या बोळात शिरले!

चौथी रक्कम जागेची. फोनमध्ये १२८ जीबी जागा आहे असं दुकानदार म्हणाला, तेव्हा मला जागेचा सातबारा मिळाल्याचा आनंद झाला होता. सहा महिन्यांत फोन कळवतो, जागा भरत आली. काय भरलं म्हणून बघितलं, तर उगवता सूर्य. नातेवाइकांच्या तीन ग्रुपांवरून रोज सकाळी एकेक सूर्य येतो, खाली गुलाबाची फुलं आणि वर शुभ सकाळ. आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे राहिले, तिथेच १९२६च्या ३१ डिसेंबरला वारले. त्या माणसानं गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून, जुने कागद गोळा केले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत काढली. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात ते कागद आजही जपलेले आहेत. मराठ्यांचा इतिहास ट्रंकांत मावला. माझ्या आतेभावाच्या शुभ सकाळी १२८ जीबीत मावत नाहीत.

आणि आता नावे बाजूची शेवटची, सर्वांत मोठी रक्कम.

माझी आई धुळ्याला देवपुरात राहते. आम्ही तिला मायच म्हणतो. शहात्तर वर्षांची आहे. जळगावला येऊन राहा म्हटलं, की म्हणते, तिथं मला ओळखतं कोण? २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून तर ती कुठल्याही लग्नाला, बारशाला, उत्तरकार्याला हजर असते. फक्त राहायला येत नाही. धुळं इथून एरंडोल-पारोळा मार्गे सुमारे ९० किलोमीटर. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, तेव्हा मी तिकडे असतो. एरवी रोज रात्री व्हिडिओ कॉल. त्यात मला तिचं कपाळ आणि छताचा पंखा दिसतो. कपाळ अर्धं, पंखा पूर्ण. पंख्याचं एक पातं वाकलेलं आहे हे मी जळगावात बसून ओळखलं आणि माणूस पाठवून दुरुस्त करून घेतलं. तेव्हापासून माय शेजारणींना सांगते, की भाऊचा फोन फार चांगला आहे, त्यात पंखासुद्धा दिसतो.

माय बोलते अहिराणी. ग्रिअर्सन साहेबानं १९०७ साली भाषांच्या सर्वेक्षणाच्या खंडात तिची 'खानदेशी' म्हणून नोंद केली. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही आपली मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून जास्त निघाले. माझ्यासारखे, घरात एक आणि काउंटरवर दुसरी बोलणारे, त्यात धरले की वगळले ते जनगणनेलाच ठाऊक. मायला आखाजीला झोक्यावर म्हणायची, श्रावणात कानबाईची, लग्नात हळदीची अशी गाणी येतात. किती येतात ते तिलाही सांगता येत नाही. तिच्याबरोबर लिंबाच्या झोक्यावर बसणाऱ्यांपैकी आता दोघीच उरल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीला ऐकू येत नाही. गेल्या हिवाळ्यात भाजी निवडताना ती एक गाणं म्हणत होती. म्हणता म्हणता थांबली. पुढची ओळ येईना. थोडा वेळ वाट बघून म्हणाली, "ती ओय मन्ही बहीनले माहीत व्हती." मावशीला जाऊन दोन वर्षं झाली.

दुकानदारानं फोन देताना सांगितलं होतं, "साहेब, तुम्ही फक्त बोला, हा लिहितो." म्हटलं, चला, हाच याचा खरा उपयोग. पुढच्या शनिवारी फोन मायसमोर ठेवला. बोलून लिहायच्या भाषांत मराठी होती, अहिराणी नव्हती. पण म्हटलं, बहीणच आहे, समजून घेईल. आता अहिराणीची एक खोड अशी, की तिच्यात 'ळ'चा 'य' होतो. ज्या 'ळ'च्या आनंदात मी फोनच्या जमेला रक्कम मांडली होती, त्या 'ळ'ला माय उभी करत नाही. तिचं धुळं म्हणजे धुये. ती म्हणाली "धुये", फोननं लिहिलं 'धुणे'. ती म्हणाली "केयी", फोननं लिहिलं 'केली'. ती म्हणाली "जयगाव", तर फोननं 'जय गाव' अशी घोषणा दिली. "माले काय माहीत" म्हटलं तर तो 'मालेगाव माहीत' असं लिहून मोकळा! शेवटी तिनं मलाच विचारलं, "भाऊ, जेवण जयं का?" फोननं लिहिलं, 'भाऊ जेवण जयंता.' आमच्या सात पिढ्यांत जयंता नाही.

मग मुलानं सुचवलं, लिहू नका, नुसतं रेकॉर्ड करा. ते फोन बिनचूक करतो. ती रक्कम मी जमेला धरलेली आहे. पण फोन समोर ठेवून तांबडं बटण दाबलं, की माय पदर सावरून बसते आणि शाळा तपासणीला आल्यासारखं शुद्ध बोलायला लागते. "नमस्कार. मी आता आपल्याला एक गीत म्हणून दाखवते." गाण्याचं एकदम गीत! जणू आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावर तिचा कार्यक्रम आहे. दोन ओळी म्हणायची आणि फोनकडे बघून विचारायची, "झालं का?" फोन काय सांगणार? त्याला आवाज कळतो. त्याला 'मग?' म्हणता येत नाही. आणि मायची सगळी गाणी त्या 'मग?'च्या मागे बसलेली आहेत. मग? मग सासरहून मुऱ्हाळी न्यायला आला. कुणाला न्यायला? थोरलीला. ती काय म्हणायची झोक्यावर? असं विचारत गेलं, की गाणं येतं.

हा बोलून लिहायचा उद्योग आमच्या मुलखात नवा नाही. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या जे म्हणत ते त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्या एका नातलगानं कागदावर उतरवून ठेवलं. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली पुस्तक निघालं, आणि २०१८ पासून आमच्या विद्यापीठालाच त्यांचं नाव आहे. इकडे धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले, रविवारी एक अध्याय, आणि कैद्यांत बसलेल्या साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहेत. मी पंचांग काढून बघितलं. त्या अठरांपैकी पाच रविवार मे महिन्यातले होते. धुळ्याचा मे, त्यातून तुरुंग! गुरुजींच्या लेखणीनं 'फार तापले आहे, निवल्यावर बोलू' असं एकदाही म्हटलेलं नाही.

आता मी कुठे सोपानदेव आणि कुठे साने गुरुजी! मी बँकेचा कारकून. पण सांगितलेलं मुकाट्यानं लिहून घ्यायची सवय कारकुनाइतकी कुणाला असते? यंदाच्या आखाजीला दोनशे पानी वही घेतली, मायसमोर बसलो आणि पेनाचं टोपण काढलं. तिनं वहीकडे बघितलं. वही तिच्या ओळखीची. शुद्ध बोलायची गरज तिला वाटली नाही. पहिल्या दिवशी साडेचार गाणी झाली. अर्धं ते, ज्याची ओळ मावशीकडे राहिली. त्या जागी एक ओळ रिकामी सोडली आहे. माय म्हणाली, राहू दे कोरी. पिंप्रीच्या जिजीला विचारू, तिला ऐकू येत नाही, पण गाता येतं. पुढच्या फुकट एसटीनं ती जाणार आहे आणि वही घेऊन मी.

आता प्रश्न असा, की हे सगळं चाललं असताना अठरा हजारांचा फोन काय करत होता? तर तिसरं गाणं रंगात आलं आणि वीज गेली. पंखा थांबला. मायचं म्हणणं थांबलं नाही. अंधारात मी चाचपडत होतो तर ती म्हणाली, "भाऊ, लिखी ले, नहीतं मी भुली जासू." मुलानं पटकन फोनचा टॉर्च लावला आणि वहीवर धरला. पाऊण तास त्यानं उजेड दिला, एकदाही तापला नाही, अंगठा मागितला नाही, कुणाचे फोन नंबर मागितले नाहीत. खात्यात ही रक्कम मी दोनदा जमा धरली आहे. ऑडिटरची हरकत आली तर बघून घेऊ.